तुम्ही पुढे केलेला घोडा

आप्पा,

तुमच्याबद्दल मी आधी एक पत्रक लिहिलं आहे. दौंड आणि शिरूर तालुक्यात जे कोणी बुद्धिबळ खेळतात, त्यांतल्या बहुतेकांनी ते वाचलं. हे दुसरं. ह्यात कुठल्या ओळीत चूक आहे ते बोट ठेवून दाखवायला तुम्ही नाही, म्हणून जपून लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर लोकांनी तुमच्याबद्दल काय काय लिहिलं ते वाचलं. मनमिळाऊ, शांत, सगळ्यांशी गोडीनं वागणारे. खोटं आहे. तुम्ही खोचक होतात. समोरचा चुकीच्या सोंगटीला हात घालायला लागला की मिशीत हसायचात आणि मुद्दाम छताकडे बघायचात. लेकीच्या, सुमनताईंच्या, चहात साखर जास्त असते म्हणून रोज कुरकुरायचात आणि कप तळापर्यंत प्यायचात. गोड माणसं मला फारशी आवडत नाहीत. तुम्ही आवडायचात.

आपली ओळखही पत्रकावरूनच झाली होती. वरवंडच्या स्टँडवर मी पत्रकं वाटत होते, हायवे ओलांडायला पादचारी पूल पाहिजे म्हणून. लोक पत्रक घेतात, न वाचता घडी करतात आणि एसटीत चढल्यावर त्यानंच सीट पुसतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. तुम्ही बाकावर बसून अख्खं वाचलंत. मागची बाजू कोरी आहे ना तेही पाहिलंत. मग मला हाक मारलीत.

"पोरी, हे तू लिव्हलं?"

मी ताठ्यात हो म्हणाले. मला वाटलं, आता शाबासकी येणार. तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत.

"हितं तू सांगतीस, सोमवारी सकाळी रस्ता अडवनार. म्हंजी रविवारीच पोलीस येऊन बसनार. एवढी एकच वाट दाखवलीस तर समोरचा तीच बंद करंल न्हाई तर काय?"

मी म्हणाले, आंदोलन म्हणजे चोरी नव्हे, ते सांगूनच करायचं असतं. तुम्ही म्हणालात, सांग की, पण दोन वाटा सांग, कुठली खरी ते त्याला ओळखू दे. मला राग आला, कारण तुमचं बरोबर होतं. मग तुम्ही विचारलंत, बुद्धिबळ येतं का. येतं म्हणाले. शाळेत तालुक्यापर्यंत खेळले होते मी. त्याच दुपारी सुमनताईंच्या पडवीत तुम्ही मला लागोपाठ तीनदा हरवलंत आणि चौथा डाव मांडू दिला नाहीत.

तो पट मला अजून दिसतो. पांढऱ्यांचा एक हत्ती हरवला होता. त्याच्या जागी तुम्ही कारखान्यातून आणलेला जाडजूड लोखंडी नट ठेवायचात. बॉयलरवर फिटर म्हणून काढलेल्या सगळ्या हंगामांची तेवढीच एक वस्तू तुम्ही घरी आणली होती. मी हसले तेव्हा म्हणालात, ह्योच खरा हत्ती, उचलून बघ. मला कायम काळी सोंगटी द्यायचात. आधी चाल मिळाली की माणूस माजतो, हे तुमचं कारण.

कारण. ह्या एका शब्दावर आपण चार वर्षं भांडलो, आप्पा.

पहिल्या दिवशी तिसरा डाव हरल्यावर मी म्हणाले होते, लक्ष लागलं नाही, मागे मिक्सर चालू होता. तुम्ही सोंगट्या डब्यात टाकता टाकता थांबलात. चेहरा एकदम वेगळा झाला.

"एक ध्यानात ठेव. हरलं की हात द्यायचा. कारण सांगायचं न्हाई."

मी तेव्हाच म्हणाले, हा नियम मला मान्य नाही. आमचं सगळं कामच कारण मागण्याचं. पूल का झाला नाही, फाईल कुठे अडली, माणूस रस्त्यावर का मेला. कारण सांगायचंच नाही असं ठरलं तर ऑफिसात बसलेल्यांचं फावेल. तुम्ही म्हणालात, मागायचं निराळं आणि सांगायचं निराळं. दुसऱ्याला माग, स्वतःचं गिळ. मी म्हणाले, गिळायला लावतात तेच लोक हा नियम बनवतात. तुम्ही म्हणालात, पट म्हणजे तहसील कचेरी नव्हे. हे भांडण कधी मिटलं नाही. आजही मिटवायला बसलेले नाही मी.

चार वर्षांत मी तुमच्याकडून एक डाव जिंकले नाही. बरोबरीसुद्धा नाही. एकदा मला ताप होता, तरी तुम्ही वजीर मारलात आणि वर म्हणालात, औषध घे. एकदा सुमनताई म्हणाल्या, आप्पा, एखादा डाव सोडा की पोरीला, किती दिवस हरवाल. तुम्ही लेकीवर भडकलात. म्हणालात, सोडून जिंकवायचं असंल तर शिकवायचं कशाला, त्यापरीस तिला खडीसाखर दे. मी हे माझ्या कानांनी ऐकलं होतं. पुढे जे झालं तेव्हा हे वाक्य मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, जी मी विचारायला हवी होती. तुम्ही बुद्धिबळ केंदूरला शिकलात, मेंढरं राखणाऱ्या घरात, घोंगडीवर खडूनं आखलेल्या पटावर. कागदावरचे नियम तुम्हाला फार नंतर, कारखान्यात आलेल्या एका परप्रांतीय वेल्डरनं शिकवले. एकदा खेळता खेळता तुम्ही म्हणालात, "आमच्यात हे निराळं हुतं." मी मान वर न करता म्हणाले, आता सगळ्या जगात नियम एकच आहेत, आप्पा, चाल करा. तुम्ही चाल केलीत. परत तो विषय काढला नाहीत. प्रश्न विचारणं हे माझं काम. जिथे तिथे जाऊन मी प्रश्न विचारते. तुम्हाला एवढा एक विचारला नाही.

मग दौंडची ती खुली स्पर्धा आली.

पहिल्या तिघांना जिल्ह्याला खेळायला मिळणार होतं. तुम्ही सत्तरीच्या पुढे, कधी कुठल्या यादीत नाव नाही. तुम्हाला ते हवं होतं. तोंडानं बोलला नाहीत, पण नवा सदरा शिवायला टाकलात आणि शिंप्याकडे दोनदा स्वतः जाऊन आलात, हे मला सुमनताईंनी सांगितलं. आणि नेमका स्पर्धेच्या आधीचा महिनाभर तुम्ही केंदूरला जाऊन राहिलात. तुमचे लहानपणापासूनचे दोस्त किसनआबा आजारी होते, उठवत नव्हतं, त्यांच्या उशाशी. मी फोनवर चिडले. म्हणाले, सराव कोण करणार? तुम्ही म्हणालात, "हितं बी खेळतोयच की रोज." मला बरं वाटलं. मी फोन ठेवला.

स्पर्धा मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा खांबांना तशाच होत्या. शेवटच्या फेरीला तुमच्या गुणांचा दुसरा कोणी उरला नव्हता, म्हणून खालून मला वर ओढलं आणि तुमच्यासमोर बसवलं. तुम्ही जिंकलात तर पहिल्या तिघांत. मी जिंकले तरी माझं काहीच होणार नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, घड्याळाकडे पाहिलंत आणि म्हणालात, काळी तुझीच हायेत, सवय हाय तुला.

मी त्या दिवशी चांगली खेळले, आप्पा. हे मी कोणाला सांगू शकले नाही, तुम्हाला सांगते. तुमचा उंट मी हिशेबानं अडकवला. तुम्ही मिशीत हसला नाहीत. तुम्ही पुढे झुकून बसलात. चार वर्षांत तुम्ही माझ्यासमोर असे पहिल्यांदाच बसला होतात. तरीही शेवटी तुम्ही वरचढ ठरलात. पटावर चारच सोंगट्या राहिल्या. तुमचा राजा आणि हत्ती. माझा राजा आणि एक प्यादं. प्यादं शेवटच्या घराच्या एक पाऊल अलीकडे, आणि तुमचा हत्ती त्याच्या शेजारी खेटून उभा. तो एक घर सरकला असता तर प्यादं गेलं असतं. मग एकट्या राजावर हत्तीनं मात कशी करायची, ते तर तुम्ही मला पहिल्याच महिन्यात घोटून शिकवलं होतं. मी मनातून हरले होते. हात कधी पुढे करायचा एवढंच ठरवत होते.

तुम्ही प्यादं मारलं नाहीत. तुम्ही राजा माझ्या राजासमोर आणून उभा केलात. पुढच्या चालीला हत्ती शेवटच्या रांगेत जाऊन मात.

पण त्याच्या आधी माझी एक चाल होती. मी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं. आणि तुम्ही, माझ्या आधी, मेलेल्या काळ्या सोंगट्यांतून घोडा उचललात आणि माझ्यासमोर धरलात. घे, अशा अर्थानं मान हलवलीत.

मला वाटलं, ही चेष्टा आहे. प्याद्याचा वजीर होतो हे शाळेतल्या पोराला कळतं. आधी प्याद्याला वाट दिली आणि आता घोडा दाखवून खिजवताय. मी तुमचा हात बाजूला सारला आणि वजीर ठेवला. त्या घरातून तुमच्या राजाला शह बसत होता आणि हत्तीही तोंडात येत होता. डाव संपला होता.

तुम्ही त्या वजिराकडे किती तरी वेळ पाहत राहिलात. घोडा मुठीतच होता. घराचं दार उघडावं आणि आत कोणी अनोळखी माणूस बसलेला दिसावा, तसं काहीसं तुमच्या चेहऱ्यावर होतं. मी ते नाटक समजले. मग तुम्ही घोडा हळूच खाली ठेवलात, आपला राजा आडवा केलात आणि हात पुढे केलात. मी बोटं टेकवली आणि काढून घेतली. तो हात मी नीट दिला नाही.

दौंडच्या स्टँडवर मी तुम्हाला गाठलं. तुमच्या बाजूला नव्या सदऱ्याची पिशवी होती, बक्षीस घ्यायच्या वेळी घालायचा म्हणून आणलेला. तो तसाच घडीत होता. हे मला दिसलं आणि मी आणखी भडकले. तुम्ही माझ्यासाठी एवढं टाकून दिलंत असं वाटलं, आणि ते ओझं मला नको होतं. मी म्हणाले, मला तुमची खिरापत नको. बाई म्हणून, पोरगी म्हणून सोडलेला डाव नको. तुम्ही म्हणालात,

"डाव तुझा हाय. मी सोडला न्हाई."

"मग प्यादं का मारलं नाहीत? घोडा कशाला पुढे केलात? कारण सांगा."

तुम्ही पिशवीची गाठ सोडलीत, परत बांधलीत.

"हरल्यावर कारन सांगायचं नसतं. तुला ठावं हाय ते."

मी सोलापूर गाडीत चढले आणि तुम्हाला बाकावर सोडून निघून आले. ती गाडी वरवंडला जात नाही, उलटीकडे जाते, हे मला तीन थांबे गेल्यावर कळलं.

घरी आल्यावर मी ते लिहिलं. खेळाडूंच्या ग्रुपवर टाकलं. तीन वाक्यं. दान म्हणून मिळालेला डाव मी जिंकलेला मानत नाही. ज्येष्ठ खेळाडूनं समोरच्या प्याद्याला मुद्दाम वाट दिली आणि वर घोडा देऊ करून चेष्टा केली. आम्हाला दया नको, स्पर्धा हवी. विशेषणं कमी, चाल स्पष्ट. तुम्हीच शिकवलं होतं तसं.

कोणी तरी खाली लिहिलं, मुद्दाम म्हणजे सरळ फिक्सिंग झालं की. दुसऱ्यानं लिहिलं, म्हाताऱ्यानं डाव विकला असणार. अंगठ्यांची रांग लागली. मी त्यांना म्हणू शकले असते की विकला असं मी म्हटलेलं नाही. म्हटलं नाही. मला वाटलं, लोकांनी काय अर्थ काढायचा तो त्यांचा प्रश्न. आयोजकांनी तुम्हाला बोलावून विचारलं, डाव मुद्दाम हरलात का. तुम्ही नाही म्हणालात. मग प्यादं का सोडलं? तुम्ही म्हणालात, डाव मी हरलो. ह्यापलीकडे एक अक्षर नाही. त्यांनी ते कबुलीसारखं धरलं आणि त्यांच्या स्पर्धांत तुम्हाला यापुढे घ्यायचं नाही असं ठरवलं. एका तासात. एका माणसाचं नाव पुसायला त्यांना एक चहा पुरला. सरकारी ऑफिसं निदान फाईल तरी फिरवतात.

पण त्यांना काय बोलू? खोडरबर त्यांच्या हातात मी दिलं होतं.

त्यानंतर आपण बोललो नाही. सात महिने. वरवंड काही मुंबई नव्हे, समोरासमोर यायचोच. एकदा मी स्टँडवर पत्रकं वाटत होते आणि तुम्ही त्याच बाकावर होतात. माझ्याबरोबरच्या मैत्रिणीकडून तुम्ही पत्रक घेतलंत, पूर्ण वाचलंत, मागची बाजू पाहिलीत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. माझ्याकडे पाहिलंत. मी पाठ फिरवली. तुम्ही घडी करून वरच्या खिशात ठेवलंत आणि निघून गेलात. घरी जाऊन मी ती ओळ काढली. सभेची तारीख चुकली होती. उरलेल्या सगळ्या पत्रकांवर मी पेनानं ती दुरुस्त करत बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत राहिले.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी शिरूरला तहसील कचेरीत निवेदन घेऊन उभी होते. फोन वाजला. तोच ग्रुप. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, हात जोडलेले, हात जोडलेले. ज्यानं तुम्ही डाव विकला असं लिहिलं होतं त्यानंही जोडले होते. मी निवेदनावर शिक्का मारून घेतला. पोच घेतली. बाहेर आले आणि पायरीवर बसले. तुम्ही मला आता कधीच कारण सांगणार नाही, हे मला तिथे बसल्यावर समजलं. मला रडू आलं नाही. राग आला. एवढा राग मला कुठल्याच साहेबाचा आलेला नाही.

दहाव्याला मी आले ती मांडवाच्या कडेला उभी राहायला. सुमनताईंनी मला हाताला धरून आत नेलं आणि चहा दिला. मी काय लिहिलं होतं ते त्यांना शब्दन् शब्द माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आप्पा तुझं नाव काढत नव्हते गं. पर तो नट डब्यात हाय का ते रोज बघायचे." त्या चहात साखर जास्त होती.

मग किसनआबा आले. तुमच्यापेक्षा मोठे, काडीसारखे, काठी टेकत, नातवानं गाडीतून आणलेले. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते बोलतात ते सगळ्या मांडवाला ऐकू जातं. तुम्हाला बिरू म्हणणारे ते एकटेच. माझ्याकडे पाहून त्यांनी सुमनताईंना विचारलं, "हीच का ती, जिनं बिरूला चोर ठरवला?"

सुमनताई काही तरी सावरून घ्यायला गेल्या. मी म्हणाले, हो, मीच.

"मांड," आबा म्हणाले.

"काय?"

"डाव. कुठं सोडला त्यानं ते बघू दे मला."

पट आणला. मी चार सोंगट्या मांडल्या. माझा राजा, माझं प्यादं, तुमचा राजा, आणि तुमच्या हत्तीच्या जागी तो नट. नट पटावर ठेवताना वाजला. मी आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, इथे आप्पांची चाल होती. हत्ती शेजारी होता. त्यांनी प्यादं मारलं नाही, राजा पुढे घेतला.

आबा पटावर वाकले. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे असे बघायला लागले, जणू चूक माझ्यात आहे.

"मारंल कशाला? मारलं म्हंजी बुर्जी."

मला तो शब्द माहीत नव्हता. आबांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. समोरच्याचा राजा एकटा उरला, त्याच्याजवळ एकही मोहरं नाही, तर ती बुर्जी. डाव सुटला, दोघं सारखे. म्हणून जिंकणाऱ्यानं शेवटचं प्यादं मारायचं नाही. ते जपायचं आणि त्याच्या देखत मात करायची. शेवटचं प्यादं मारतो तो अडाणी, त्याच्याशी कोणी परत खेळायला बसत नाही.

मी विचारलं, "आणि घोडा? प्यादं पोचल्यावर त्यांनी माझ्यासमोर घोडा धरला."

आबांनी पटाच्या कडेला, माझं प्यादं पोचलं होतं त्या घरावर काठीसारखं बोट ठेवलं.

"हे घर कुनाचं?"

"घोड्याचं."

"मग घोडाच व्हनार की. ज्याच्या घरात प्यादं पोचलं, तेच त्याचं मोहरं. का तुमच्यात दुसरं काय होतंय?"

"आमच्यात वजीर होतो, आबा."

"घोड्याच्या घरात?"

"कुठल्याही घरात."

आबा हसले. दात नाहीत, तरी हसले.

"लई सोपं हाय मग तुमचं."

मांडवात दोघं तिघं हसले. आबा सांगत होते, आजारपणात महिनाभर बिरू माझ्या उशाशी बसून हाच डाव खेळला, जुना, रोज दोन वेळा. निघताना म्हणाला, आबा, आता डोकं पालटायला वेळ लागंल. मी त्याला म्हटलं, पालटू नकोस, तिकडंच्या लोकांना आपला शिकव.

मी पटावर घोडा ठेवून पाहिलं. नट उचलला आणि शेवटच्या रांगेत नेला. मात. घोड्याला काहीच करता येत नव्हतं. कुठेही दया नव्हती, चेष्टा नव्हती. मागच्या बाजूला असलेल्या सगळ्यांना दिसेल एवढी स्वच्छ मात.

म्हणजे तुम्ही थकलात, आप्पा. दोन दिवसांच्या सहा फेऱ्यांनंतर, सत्तरीच्या पुढच्या वयात, घड्याळाची टिकटिक चालू असताना, तुमचं डोकं क्षणभर केंदूरला गेलं. राजाला नागवायचं नाही, प्यादं जपायचं, हा लहानपणी हाडात बसलेला डाव तुम्ही खेळलात. तुम्ही मला जिंकू देत नव्हतात. तुम्ही मला सगळ्यांत मानाच्या रीतीनं हरवत होतात. माझ्याशी झालेल्या शेकडो डावांत तुम्ही कधी एवढं लक्ष दिलं नव्हतंत, आणि त्या एका दिवशी दिलंत, म्हणून त्या मानाच्या रीतीत शिरलात आणि चुकलात.

आणि मी जिंकले. हे लिहिताना मला लाज वाटते आणि बरंही वाटतं, दोन्ही खरं आहे. तुम्ही चुकलात, मी ती चूक पकडली. चार वर्षं मला जे हवं होतं ते त्या दिवशी पटावर माझ्या समोर होतं, खणखणीत. तुम्ही म्हणालातही, डाव तुझा हाय. मीच ते घेतलं नाही. उलट त्याचा दगड करून तुम्हाला मारला.

पण मला आलेला तुमचा रागही गेलेला नाही. स्टँडवर एक वाक्य पुरलं असतं. मी गल्लत केली, जुन्या नियमात शिरलो, एवढंच. आयोजकांना सांगितलं असतंत तर नाव पुसलं गेलं नसतं. तुम्ही सात महिने बाकावर बसून राहिलात आणि ते गिळलंत, कारण हरलेल्यानं कारण सांगायचं नसतं. आप्पा, तुमचा नियम चुकीचा आहे. तेव्हाही म्हणाले, आज आणखी जोरात म्हणते. हरलेल्यानं गप्प बसायचं ठरवलं की मागे फक्त जिंकलेल्याचं पत्रक उरतं. माझं उरलं. बघा काय झालं.

तुम्ही ह्यावर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. छताकडे बघितलं असतंत. म्हणाला असतात, मग ते पुसून टाक की, लिव्हनारी तूच हायेस.

तेच करते आहे. आयोजकांना मी लेखी दिलं आहे की त्या दिवशीचं माझं लिहिणं चुकीचं होतं, आणि त्यांनीही आपला निर्णय लेखी मागे घ्यावा. त्यांचं उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत मी त्यांच्याकडे जात राहणार आहे, आणि एकच वाट सांगते आहे असं समजू नका. हे पत्रक मी त्याच ग्रुपवर टाकणार आहे, आणि पुढच्या स्पर्धेच्या दिवशी दौंडला त्याच मंगल कार्यालयाच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देणार आहे. मागची बाजू कोरी ठेवलेली नाही. तिथे चार सोंगट्यांचा तो पट छापला आहे, म्हणजे ज्याला शंका असेल त्यानं घोडा ठेवून बघावं. किसनआबांकडे मी रविवारी केंदूरला जाते. ते मला जुना डाव शिकवतात. दोनदा मी त्यांचं शेवटचं प्यादं मारलं आणि दोनदा त्यांनी पट आवरून ठेवला.

हरलेल्यानं कारण सांगायचं नसतं. ठीक आहे, तुमचा नियम तुमच्यापाशी. पण जिंकलेल्यानं सांगू नये असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तो डाव मी जिंकले. म्हणून कारण मी सांगते, खाली सही करून.

आप्पांनी डाव विकला नाही. सोडलाही नाही. ते केंदूरच्या नियमानं खेळले आणि दौंडच्या नियमानं हरले.